माडीवरचा ठिपका

मित्रांनो, मी छपाईची एक जुनी चौकट आहे. माझ्या अंगाला मोहरीएवढे एक भोक आहे. भोक पडलेली वस्तू लोक फेकून देतात, मला मात्र त्या भोकासाठीच जपून ठेवले आहे. फुशारकी मारते असे वाटत असेल तर वाटू द्या. म्हातारपणी तेवढे चालायचेच.

एका सुताराने चार पट्ट्या जोडून मला घडवले. मग छपाईवाल्या आत्याने माझ्यावर जाळीचे कापड असे ताणून बसवले, की टिचकी मारली तर टण्ण वाजे. त्या कापडावर आत्या लेप द्यायची, अक्षरे ठेवून उजेड दाखवायची आणि पाण्याने धुवायची. अक्षरांपुरता लेप निघून जाई आणि तिथून शाई कागदावर उतरे. काम संपले की उरलेला लेप उतरवायचा, की मी पुढच्या कामाला मोकळी! मी बिस्किटांचे खोके छापले, मलमाच्या डब्या छापल्या. ‘येथे सायकली लावू नयेत’ ही पाटी तर इतकी छापली, की अजून झोपेतही बडबडते.

लेपात धुळीचा एक कण बसला, तरी भोक पडते आणि कागदावर नको तिथे ठिपका उमटतो. म्हणून छापण्याआधी आत्या मला खिडकीपाशी धरून बघायची आणि एकेक भोक कुंचल्याने बुजवायची. ठिपक्याइतका राग तिला कशाचाच नव्हता.

दुकानाच्या वर एक माडी होती. तिथे आत्याची भाची गायची, भाचीचा भाऊ ड्रम वाजवायचा आणि त्यांचा मित्र, एक पोस्टमन, गिटार वाजवायचा. गाणीही त्यांचीच, गळक्या नळावर, हरवलेल्या किल्लीवर, शेजारच्या मांजरावर. रेडिओवर असली गाणी कोण लावतो? माडीवर जमले म्हणून त्यांनी गटाचे नावही ‘माडी’ ठेवले.

महिन्यातून एका शनिवारी त्यांना वाचनालयामागचे छोटे सभागृह मिळे. प्रत्येक वेळी भाची नवीन पोस्टर करी. कधी जांभळी वेलबुट्टी, कधी काळी कवटी, कधी नुसता ढग. हौसेला मोल नसते, पण परिणाम काय झाला? एके दिवशी सभागृहाच्या बाई दुकानात आल्या.

"गाता तुम्ही छान हो," त्या भाचीला म्हणाल्या, "पण दर वेळी लोकांना वाटतं नवीनच कोणीतरी आलंय. परवा एकाने विचारलं, ते मागच्या महिन्यातले कुठे गेले? म्हटलं, अहो, समोर गातायत ते तेच! या खेपेला निम्म्या खुर्च्या तरी भरू द्या. नाही तर पुढचे शनिवार मी दुसऱ्यांना देते."

भाचीचा चेहरा एवढासा झाला. दुसरे सभागृह त्यांना कोण देणार? शनिवार गेला, की गट मोडलाच.

"अगं, रोज नवा मुखवटा घातलास तर माणसाने ओळखायचं कसं?" बाई गेल्यावर आत्या म्हणाली. "एक चेहरा धर आणि त्याला चिकटून राहा."

मग दोघींनी बसून ठरवले. एकच रंग, विटकरी. एकच कागद, खाकी. आणि भाचीने जाड कुंचल्याने स्वतः लिहिलेली दोनच अक्षरे, माडी. पोस्टरवर तेच, तिकिटावर तेच, ड्रमच्या तोंडावरही तेच. हे काम माझ्याकडे आले! आत्याने मला उजेडात धरले, चार भोके बुजवली आणि शाई ओतली. गुरुवारी संध्याकाळपर्यंत विटकरी शाईचा डबा खरवडून संपवला आणि शुक्रवारी सकाळी पोस्टमनने गावभर पोस्टरे चिकटवली.

दुपारी तो हसत हसत परतला.

"चहावाल्याने विचारलं, मांडी कोणाची?"

"कसली मांडी?" भाची म्हणाली.

त्याने उरलेले पोस्टर टेबलावर ठेवले. ‘मा’च्या डोक्यावर ठळक ठिपका होता. माडीची मांडी झाली होती!

पाचवे भोक सुटले होते. आणि ते सुटावे तरी कुठे? नेमके अनुस्वाराच्या जागेवर! दुसरीकडे असते तर आत्याने अंधारातही पकडले असते, पण तिथला ठिपका तिच्या डोळ्याने अक्षराचाच समजून वाचला. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

"तीस वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नाही गं," आत्या खुर्चीत बसत म्हणाली.

भाचीला रडू फुटले. "शाई संपली, उद्या कार्यक्रम. आता लोक हसायला येतील!"

"येतील तर खरे," भाऊ म्हणाला. "मांडी म्हटलंय ना? मग घालू की मांडी!"

त्याच्या पाठीत धपाटा बसणार, इतक्यात आत्या म्हणाली, "थांब गं. तो काही अगदीच खुळ्यासारखं बोलत नाहीये. वरती मांडी घालून गातेस तेव्हा तुझा गळा कसा मोकळा असतो. आणि सभागृहात उभी राहिलीस की नुसती काठी होतेस. गुडघे लटपटतात ते शेवटच्या रांगेतूनही दिसतात."

"खरंच दिसतात?"

"दिसतात," पोस्टमन हळूच म्हणाला.

भाचीने डोळे पुसले, पोस्टरकडे पाहिले आणि तिला हसू आवरेना.

शनिवारी त्यांनी सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या. बाई धावत आल्या. "अहो, खुर्च्या भरा म्हटलं होतं मी, काढा नव्हे!" पण चहावाला आला, सायकलवाला आला, मांडी कोणाची ते बघायला आलेले सगळे मांडी घालून बसले. मागे दारापर्यंत जागा उरली नाही. भाची त्यांच्यासमोर जमिनीवर बसून गायली आणि तिचे गुडघे एकदाही लटपटले नाहीत. हे सारे मला आत्याने दुकानात परत येऊन सांगितले. निघताना बाईंनी पुढचे सगळे शनिवार भाचीच्या नावावर लिहून दिले होते.

त्या दिवसापासून ठिपका त्यांचा झाला. पोस्टरवर, कॅसेटवर, भाचीच्या सदऱ्याच्या कॉलरवरसुद्धा. लोक म्हणत, "ते ठिपकेवाले आलेत." माझ्यावरचा लेप आत्याने कधीच उतरवला नाही. पण मित्रांनो, मानाची जागा म्हणजे अडगळच असते बरे! लेप उतरवला नाही म्हणून दुसरे काम मिळेना. पुढे छपाई संगणकावर गेली आणि मी कपाटामागे गेले. किती वर्षे गेली कोण जाणे. कापड सैल पडले, टण्ण आवाज गेला.

परवा अचानक कपाट सरकले. समोर भाची होती, केस पिकलेली. तिच्या हातात नव्या अल्बमचे पोस्टर होते. संगणकावर काम करणाऱ्याने डाग समजून ठिपका पुसून टाकला होता.

"किती स्वच्छ केलंय बघ," ती आत्याला म्हणाली. "आणि आम्ही कुठेच नाही त्यात."

खरा ठिपका दाखवायला ती मला घेऊन जाणार होती. आता काठी टेकत चालणाऱ्या आत्याने मला जवळ मागून घेतले आणि खिडकीपाशी धरले. डोळे अधू झालेले, पण सवय कुठे जाते? तिचा हात कुंचल्याकडे गेला.

"आत्या, तेवढं राहू दे!" भाचीने तिचे मनगट धरले.

आत्या हसली. "बुजवणार नव्हते गं. कडा पुसणार होते. धुळीने बुजत आलं होतं."

मित्रांनो, वस्तू जपा, धूळ झटका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच सांगते, काहीही पुसण्याआधी ते एकदा उजेडात धरून बघा. त्या दिवशी माझ्या भोकातून उन्हाचा एक ठिपका आत्याच्या तळहातावर पडला होता, आणि त्या दोघी किती तरी वेळ तो बघत बसल्या होत्या. मांडी घालून.