पाठ नसलेला ब्लेझर

माझी पाठ आण्णासाहेबांनी कापली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी नशिबाच्या नावानं बोटं मोडायला नकोत. मी येरमाळ्यात हायवेला लागून असलेल्या फोटो स्टुडिओतला निळा ब्लेझर बोलतोय. आण्णासाहेब या स्टुडिओचे मालक, आणि ज्या रुद्रेशचा मी आहे त्याचे वडील.

समोरून बघाल तर मी अजून झकास आहे. गडद निळं कापड, पितळी बटणं, छातीवरच्या खिशावर रेशमी धाग्यानं भरलेली ढाल. फक्त मागं जाऊ नका.

माझा जन्म बंगळुरूकडच्या एका शिलाई कारखान्यातला. परदेशातल्या कुठल्याशा कॉलेजच्या पोरांसाठी आमची खेप निघाली होती. माझ्या ढालीवर नावेची दोन वल्ही आहेत, त्यातलं एक वाकडं भरलं गेलं. तपासणाऱ्या बाईनं मला बाजूला फेकलं आणि समुद्र न बघताच मी पुण्यातल्या एका दुकानात येऊन पडलो. असे नापास कपडे तिथं ढिगानं मिळतात.

त्या ढिगातून रुद्रेशनं मला वर ओढलं. तेव्हा तो बीबीएच्या पहिल्या वर्षाला होता. येरमाळ्याहून येताना त्यानं ट्रंकेत काय आणलं असेल ते असो, मोबाईलमध्ये मात्र आख्खं कपाट भरून आणलं होतं. प्रेपी, ओल्ड मनी, कॉलेजियट असल्या नावांची, परदेशी श्रीमंत कॉलेजकुमारांच्या पोशाखांची रील्स तो तासन्‌तास बघायचा. कॉलरला बटणं असलेला ऑक्सफर्ड शर्ट, खाकी चिनो पँट, तिरप्या पट्ट्यांचा टाय, खांद्यावर गाठ मारून सोडलेला स्वेटर आणि मोज्यांशिवाय घातलेले बिननाडीचे लोफर बूट. दुकानातल्या आरशासमोर त्यानं मला अंगात घातलं, तर माझे खांदे त्याच्या खांद्यांवर असे बसले, जणू मापं घेऊनच शिवलं होतं. तो आरशाकडं बघून हसला नाही. नुसता ताठ उभा राहिला. मला तेवढ्यात कळलं की मी याचाच.

ते दिवस काय होते म्हणून सांगू! खोलीत त्याच्याबरोबर तामलवाडीचा कृष्णराज राहायचा. दोघं रात्री चिनो गादीखाली घालून झोपायचे, सकाळी इस्त्री तयार. रविवारी मॉलमध्ये जाऊन रॅल्फ लॉरेन या महागड्या कंपनीच्या दुकानात शर्टाच्या कॉलरला हात लावून बघायचे, शिवण कशी बसवलीय, बटण कुठं येतंय ते डोळ्यांत साठवायचे आणि बाहेर येऊन वडापाव खायचे. थंडीच्या सकाळी टपरीवरच्या चहाची वाफ माझ्या बाहीत शिरायची, ती दुपारपर्यंत जायची नाही. एकदा कॅन्टीनमध्ये एका मुलीनं विचारलं, ढालीवर काय लिहिलंय? रुद्रेश म्हणाला, मलाच माहीत नाही. ती हसली, तोही हसला. माझ्या अस्तराला त्याच्या छातीची धडधड लागत होती.

कृष्णराजलाही मी आवडायचो. त्याच्या एखाद्या कार्यक्रमाला मी लागायचो. पण तो प्रत्येक वेळी दारात उभा राहून विचारायचा, "रुद्र्या, आज ब्लेझर घिऊ का रं?" रुद्रेशनं कधी नाही म्हटलं नाही. एवढी साधी गोष्ट. विचारायचं, आणि मिळायचं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला रुद्रेश मला घेऊन येरमाळ्याला आला. एसटीतून उतरला तो लोफर घालूनच. उमाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, पोराचे उघडे घोटे बघितले आणि म्हणाल्या, "मोजे इसरलास का पुण्यात?" आण्णासाहेबांनी माझ्या ढालीला चिमटीत धरलं आणि ही उलथनी कशाची, हॉटेलात काम करतोस का, असं विचारलं. रुद्रेशनं सांगितलं, ती वल्ही आहेत, नाव चालवायची. दोन बटणांपैकी खालचं का लावत नाही, हेही त्यानं सांगितलं. ते लावायचं नसतं, तशी रीतच आहे.

"मग शिवलं कशाला?" आण्णासाहेब म्हणाले.

सगळे हसले. मलाही ते घर आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

आता स्टुडिओतला कोट म्हणजे काय ते सांगतो. गावोगावची पोरं बायोडाट्याचे, भरतीच्या फॉर्मचे फोटो काढायला येतात. कोट एकच, अंगं सतरा. म्हणून स्टुडिओवाले जुना कोट मागून उभा फाडतात, दोन्ही कडांना नाड्या लावतात. बारीक पोराला ओढून बांधायचा, जाड्याला सैल सोडायचा. समोरून सगळे साहेब दिसतात. आण्णासाहेबांच्या स्टुडिओतही असा एक तपकिरी कोट होता. त्या दिवाळीत त्याला कसर लागून त्याची चाळण झाली होती.

भाऊबीजेनंतर रुद्रेश मित्रांकडं गेला होता. बेंबळीहून एक धिप्पाड पोरगा आईला घेऊन आला. मुलीकडच्यांना लगेच फोटो पाठवायचा होता. आण्णासाहेब घरात आले आणि खुंटीवरून मला उचललं. उमाबाईंनी विचारलं, त्याला सांगितलं का? आण्णासाहेब मला खांद्यावर टाकून स्टुडिओकडं वळलेसुद्धा. त्या पोराच्या छातीवर माझी बटणं काही जुळेनात. आण्णासाहेबांनी मला उलटं केलं. ब्लेझरच्या पाठीला खाली एक छोटी चीर ठेवलेलीच असते, बसताना ताण येऊ नये म्हणून. ती त्यांना दिसली.

"आधीच उसवलेला हाय," ते म्हणाले. फोटोच्या कडा कापायचं ब्लेड त्यांच्या हातातच होतं. त्यांनी ती चीर कॉलरपर्यंत नेली आणि जुन्या कोटाच्या पांढऱ्या नाड्या माझ्या दोन्ही कडांना टाचल्या.

फोटो छान आला. मुलीकडच्यांना पसंत पडला म्हणे.

संध्याकाळी उमाबाईंनी मला मशीनवर घेतलं आणि मधल्या शिवणीवरून घाईघाईनं टीप मारली. नाड्या काढायला लागल्या तर आण्णासाहेब म्हणाले, राहू दे, पुन्हा लागतील. मग उमाबाईंनी नाड्या आत दुमडल्या, मला साडीच्या पिशवीत घातलं आणि पोराच्या बॅगेत सगळ्यात खाली ठेवलं. सांगितलं कुणीच नाही. मोठी माणसं याला घर सांभाळणं म्हणतात. मी याला भित्रेपणा म्हणतो.

पुण्यात गेल्यावर काही दिवसांतच एका कंपनीची माणसं कॉलेजात आली. त्यांना उन्हाळी कामासाठी पोरं निवडायची होती, आणि जो निवडला जाईल त्याला पदवीनंतर तिथंच नोकरी. रुद्रेशनं मला पिशवीतून काढलं, घाईत चढवलं आणि हॉलमध्ये गेला. बोलत होता तोवर सुरेख चाललं होतं. पुढच्या रांगेतला साहेब मान हलवत होता. मग आकृती काढायला तो फळ्याकडं वळला आणि त्यानं हात वर नेला.

मी धरून ठेवायचा प्रयत्न केला. कच्ची टीप, किती धरणार? कॉलरपासून खालपर्यंत मी दुभंगलो आणि त्या पांढऱ्या नाड्या बाहेर येऊन लोंबायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "ऑपरेशनला निघाला का रे?" हॉल हसला. साहेब भला होता, म्हणाला, असू दे, पुढं बोल. रुद्रेशनं खडू ठेवला आणि भिंतीला पाठ लावून, कडेकडेनं दारापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी तो येरमाळ्याला आला. स्टुडिओत स्टुलावर एक गिऱ्हाईक बसलेलं होतं. रुद्रेशनं मला काउंटरवर पालथं टाकलं.

"आण्णा, तुम्ही कापला ह्यो?"

"व्हय. गिऱ्हाईक खोळंबलं व्हतं."

"मला एकदा इचारायचं तरी. दिला असता की."

"बापानं पोराला अर्ज करायचा का आता? आन्‌ फोटोत पाठ कोण बघतंय?"

"मी फोटोत राहत न्हाय, आण्णा."

स्टुलावरचा माणूस फिस्सकन हसला. आण्णासाहेबांनी त्याला हनुवटी वर घ्यायला सांगितलं आणि फ्लॅश उडवला.

मग रुद्रेश घरीच राहिला. कृष्णराजचे फोन यायचे. हॉलमधलं सगळे विसरलेत, तू ये, हजेरी भरून काढू, असं सांगायचा. रुद्रेश त्याला एकच म्हणायचा, "आण्णांना एकदा चुकलं म्हणू दे, पुढच्या गाडीनं येतो." उमाबाईंनी हे आण्णासाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, दुसरा कोट घे म्हणावं, दोन घे. चुकलं हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. उमाबाईंनीही आपण टीप मारल्याचं पोराला सांगितलं नाही, देवघरात बसून राहिल्या. परीक्षा आली आणि गेली.

लोक रुद्रेशलाही नावं ठेवतात, की कपड्यापायी कुणी शिक्षण सोडतं का. तोही हट्टी आहे, मान्य. पण त्याच्या हट्टाला एक शब्द पुरला असता. वडिलांच्या हट्टाला पोराचं आख्खं आयुष्य पुरेना.

आता मी स्टुडिओत खिळ्यावर असतो. नाड्या परत लावल्यात. पहिली काही वर्षं रुद्रेशच मला पोरांच्या अंगावर बांधायचा. मागं उभा राहून गाठ मारायचा, पण पुढं येऊन खालचं बटण मोकळं सोडायला विसरायचा नाही. आता तर तेही थांबलंय. त्यानं मला एकदा टेबलावर अंथरून माझाच फोटो काढला, आणि आता कॉम्प्युटरवर तो फोटो प्रत्येकाच्या गळ्याखाली चिकटवतो. कळंब तालुक्यातल्या कितीतरी बायोडाट्यांवर मी आहे, पण माझ्या बाहीत कुणाचा हात नाही. दुपारी गर्दी नसली की रुद्रेश कधी माझ्या कॉलरवरची धूळ झटकतो. त्या वेळी मला त्या टपरीची, गादीखालच्या इस्त्रीची, कॅन्टीनमधल्या त्या हसण्याची फार आठवण येते. त्यालाही येत असणार.

आण्णासाहेब अजून काउंटरवर बसतात आणि फोटो काढायला आलेल्या पोरांना शिक्षणाचं महत्त्व सांगतात. आयाबापांनो, माझं एवढंच मागणं आहे, पोराच्या वस्तूला हात घालण्याआधी त्याला विचारा. आणि चुकलात तर चुकलो म्हणा. तुमची उंची काही कमी होत नाही.

कृष्णराज पदवीधर झाला, पुण्यात नोकरीला आहे. रुद्रेश बारावी पास आहे.