ठिपक्यांच्या रुमालवाला

‘ड्राय फोर्क’ ही मालिका टीव्हीवर जेमतेम एक हिवाळा चालली. जाहिरातीचे पैसे देणाऱ्या साबणवाल्यांनी हात आखडता घेतला आणि शेरीफ, दरोडेखोर, घोडे, सगळ्यांनी गाशा गुंडाळला. शहरातले शहाणे म्हणाले, बरं झालं, ब्याद गेली. पण कॉपर वेल्सची माणसं कसली ऐकतात! शूटिंग झालं ते त्यांच्याच गावाबाहेरच्या माळावर, आणि निम्म्या गावाचे आजे नि काके मालिकेतल्या गर्दीत उभे राहिलेले. तेव्हा दर ऑक्टोबरात कुठून कुठून म्हातारेकोतारे बूट आणि टोप्या चढवून ऍरिझोनाच्या या एवढ्याशा गावात अजून जमतात, शेतकरी संघाच्या हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावतात आणि जुनी रिळं बघत बसतात. येडेच आहेत, पण प्रेमळ येडे.

आर्लीन प्रुइट या मेळ्याला पहिल्यांदाच आली, तीही सत्तरी उलटल्यावर. आपण कोण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिला फक्त तिच्या वडिलांना बघायचं होतं. वेस्ली प्रुइट पडायचं काम करायचे. घोड्यावरून पडायचे, कड्यावरून पडायचे. हिरोच्या जागी, गुंडाच्या जागी, जो पडायचा असेल त्याच्या जागी. शेवटच्या भागात गुत्त्याच्या छपरावरून पडले ते पुन्हा उठलेच नाहीत. कंपनीने बोभाटा होऊ दिला नाही; त्या दिवशी गावातलं कुणी शूटिंगला नव्हतंच. आर्लीन तेव्हा पाच वर्षांची होती, आणि आईने पुढे मरेपर्यंत घरात टीव्ही येऊ दिला नाही. फोटो होते दोन, दोन्हींत टोपीची सावली नेमकी तोंडावर. बापाचा चेहरा कसा होता हेच तिला आठवत नव्हतं. नातवंडं झाली तरी ते दुःख काही गेलं नाही.

दारातच तिला ड्वेन ऑस्लरने गाठलं. हा गावचा म्हातारा न्हावी; मेळाही तोच भरवायचा आणि प्रोजेक्टरही तोच चालवायचा.

“नव्या दिसताय बाई! या, या. आधी चिली घ्या, खिमा-राजम्याचं कालवण. मॉडीनने केलीय, म्हणजे पाण्याचा ग्लास डाव्या हातात तयार ठेवा.”

“लग्न झाल्यापासून हा एकच विनोद आहे याच्याकडे,” त्याची बायको मॉडीन पातेल्यामागून म्हणाली. “गिऱ्हाइकांना पळून जाता येत नव्हतं, गळ्याशी वस्तरा असायचा. तुम्ही खुशाल पळा.”

आर्लीन हसली. बऱ्याच दिवसांत ती अशी हसली नव्हती.

“आणि हे बघा,” ड्वेन म्हणाला, “शेवटच्या भागात ठिपक्यांच्या रुमालवाला छपरावरून पडतो. तो पडला की सगळ्यांनी ओरडायचं, ऊठ! लाजायचं नाही.”

“हिरोसाठी नाही ओरडत?”

“हिरोला कोण विचारतो? सगळी मालिकाभर हनुवटी पुढे काढून उभा. आमचा जीव त्या रुमालवाल्यावर. काय पडलाय, आहाहा! त्याचं नावसुद्धा नाही दिलं मेल्यांनी.”

आर्लीनने चिली अर्धीच टाकली आणि ती मागच्या एका खुर्चीवर जाऊन बसली.

दुपारी शेवटचं रीळ लागलं. पडद्यावर करडी धूळ, करडं आभाळ. छपरावर एक सडपातळ माणूस उठला, गोळी लागल्यासारखा वळला आणि खाली आला. गळ्यात ठिपक्यांचा रुमाल. जमिनीवर आपटला तेव्हा आर्लीनने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात अख्खा हॉल उसळला. “ऊठ रे! ऊठ, राजा! ऊठ की!” लोक पाय आपटत होते, टोप्या उडवत होते. तिने डोळे उघडले तर पालथा पडलेला माणूस हलत होता. त्याने कोपर टेकलं आणि मान वर केली.

तिचंच नाक. तिच्या थोरल्या मुलाची जिवणी. बाबा! इतकी वर्षं अडलेलं काहीतरी तिच्या छातीत मोकळं झालं, आणि ती हमसून हमसून रडली. मग पडद्यावर हिरो आला नि चित्र पुढे सरकलं.

हॉल रिकामा झाल्यावर ती ड्वेनपाशी गेली. तो रीळ डब्यात ठेवत होता.

“किती छान मान वर करतो हो तो,” ती म्हणाली.

ड्वेनने बायकोकडे पाहिलं. “सांगून टाक,” मॉडीन म्हणाली. “नाहीतर रात्रभर तूच तळमळशील.”

“आम्ही पोरं होतो ना बाई,” ड्वेन हळू आवाजात म्हणाला, “तेव्हा तो पडायचा आणि नुसता पडून राहायचा. अगदी प्रेतासारखा. चेहरा कुणी पाहिलाच नव्हता. आम्ही आपली गंमत म्हणून ओरडायला लागलो. मग एका मेळ्यात त्याची बोटं हलली. मला वाटलं, आपली नजर गेली. पुढे हात हलला. कोपर टेकायला लागला तो अलीकडे.”

“दुसरं रीळ असेल.”

“एकच आहे. जगात एकच. माझ्या कपाटात असतं, किल्ली माझ्या गळ्यात. लोकांना वाटतं, म्हातारपणी आपल्यालाच नीट आठवत नाही. मी कशाला सांगू?”

बाहेर लख्ख ऊन होतं, कुणीतरी गाडीजवळ मोठ्याने हसत होतं, आणि आर्लीनला त्या हॉलमध्ये थंडी वाजत होती. मग तिने सांगून टाकलं. ते माझे वडील. ते पडले ते खोटं नव्हतं.

मॉडीनने पुढे होऊन आर्लीनचा हात धरला. ड्वेनने टोपी काढली. मग त्याचे डोळे चमकले.

“मग तर थांबून चालायचंच नाही! उद्या निघायच्या आधी पुन्हा लावतो आम्ही हाच भाग. तुम्ही पुढे बसा. अजून दोन-चार वर्षं, बाई, की तुमचा बाबा उभा राहील बघा!”

“ड्वेन,” मॉडीन म्हणाली, “मला नाही हे बरं वाटत.”

“यात वाईट काय? प्रेमानेच बोलावतोय ना आपण?”

आर्लीनला मॉडीनचं पटत होतं, पण खरं सांगायचं तर तिला ड्वेनचंच ऐकायचं होतं. दर ऑक्टोबरात यायचं. दर वर्षी तो चेहरा थोडा अधिक बघायचा. तेवढी वर्षं देवाने द्यावीत, बस्स! लोभ सुटला तिला, आणि त्याची लाजही वाटेना.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणं उरकल्यावर घोंगड्या पुन्हा लागल्या. आर्लीन पहिल्या रांगेत, पडद्यापासून हातभर अंतरावर. वडील पडले. सगळ्यांच्या आधी तीच ओरडली, “उठा बाबा! उठा!”

ते उठू लागले. कोपर, मग तळहात, मग एक गुडघा. हॉलमध्ये आनंदाचा नुसता कल्लोळ झाला. “आला, आला! अजून थोडं, राजा!” मागून ड्वेनचा आवाज रडवेला झाला होता. पण कालच्यापेक्षा ती जवळ बसली होती, आणि आता तिला नीट दिसलं. दात गच्च आवळलेले. कपाळावरून ओघळणाऱ्या घामाचा धुळीत चिखल झालेला. कमरेखालचं अंग त्यांच्याबरोबर येतच नव्हतं. टेकलेला गुडघाही त्यांनी हातानेच ओढून आणला होता. आणि डोळे पडद्यातून बाहेर बघत होते. या रांगेवरून त्या रांगेवर, एकेका ओरडणाऱ्या तोंडावर. कशाची तरी वाट बघितल्यासारखे. तिच्यावरूनही ते सरकून पुढे गेले.

मग तिला अंगण आठवलं. इतकी वर्षं कधीच आठवलं नव्हतं. बाबा पायरीवरून धाडकन पडायचे नि निपचित राहायचे. ती ऊठ ऊठ म्हणायची, गुदगुल्या करायची, रडकुंडीला यायची, पण ते ढिम्म. मग एक डोळा किलकिला करून सांगायचे, “चिमणे, कट म्हटल्याशिवाय हलायचं नसतं आम्ही. आधी हलला तो कामातून गेला.” ती कट म्हणायची आणि ते टुणकन उठायचे.

आणि त्या दिवशी? त्या दिवशी सगळे किंचाळत धावले असणार. कॅमेरा चालूच राहिला असणार. कट म्हणायचं भान कुणाला असेल?

म्हणजे ते अजून कामावरच होते. शूटिंग संपलं असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि वर ही शेकडो माणसं दर वर्षी ऊठ म्हणून जीव खात होती, मोडलेल्या पाठीच्या माणसाचा! आता तीसुद्धा त्यांच्यातच.

तिला सांगायला एकच शब्द लागणार होता. पण तो उच्चारला की बाबा जाणार हेही तिला कळत होतं. उणेपुरे दोनदा पाहिलेत मी त्यांना, तिला वाटलं, फक्त दोनदा. आणखी एक ऑक्टोबर तरी. पडद्यावर दुसरा गुडघा ओढून घ्यायची धडपड चालली होती आणि ओठातून काहीतरी काळं ओघळत होतं.

“कट!”

आर्लीन उभी राहिली होती. आवाज चिरकला. मागचा गोंगाट हळूहळू थांबला.

“कट! झालं, बाबा. फार छान झालं. संपलं काम.”

धूळ वाऱ्याने उडत होती, एवढीच काय ती हालचाल. मग वेस्ली प्रुइटने मोठा श्वास सोडला आणि ते उठले, अगदी सहज, अंगात काही मोडलेलंच नसल्यासारखे. विजार झटकली. टोपी मांडीवर आपटली. आणि पडद्यातून सरळ तिच्याकडे बघितलं.

तिशीचं पोर होतं ते. तिच्या थोरल्यापेक्षा किती लहान! तिला एकदम त्याचा गाल कुरवाळावासा वाटला. तो हसला, रस्त्यात वयस्कर बाई भेटल्यावर चांगल्या घरचा मुलगा हसतो तसा, आणि अदबीने टोपीच्या कडेला बोट लावलं. सूर्याकडे बघून वेळेचा अंदाज घेतला, आणि भराभरा चालत चित्राच्या कडेबाहेर निघून गेला.

रस्ता रिकामा राहिला. हिरो आला, रिकाम्या धुळीवर त्याने पिस्तूल रोखलं आणि हनुवटी पुढे काढून आपलं वाक्य म्हटलं. हॉलमध्ये कुणीही हसलं नाही. ड्वेनने यंत्र बंद केलं.

मॉडीन पुढे येऊन आर्लीनच्या शेजारी बसली. “पाहिलंत ना?” ती कुजबुजली. “तुम्हाला टोपीला हात लावला त्याने. तुम्हालाच!”

“हो,” आर्लीन म्हणाली. तिला आता रडू आवरेना. “पण ओळखलं नाही हो त्यांनी मला. म्हातारीला कसं ओळखतील? आणि घाईत होते. घरी लहान मुलगी वाट बघतेय ना त्यांची.”