दलदलीच्या चरातली फळी

मी फळी बोलतेय. लाकडाची नव्हे, माझ्या अंगात कुठल्याच झाडाचं वर्तुळ नाही. दह्याचे डबे, दुधाचे कॅन आणि वैरणीच्या गठ्ठ्यांवर गुंडाळतात तो काळा प्लास्टिकचा कागद, एवढंच माझं कूळ. क्लूनाडेरा गावाच्या सभागृहासमोर एका शनिवारी हा कचरा घरोघरून गोळा झाला. अट्रॅक्टा नून नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी आणलेला एकेक डबा लख्ख घासलेला होता.

“अहो अट्रॅक्टा, हे वितळवायचेत, पाहुण्यांना चहा नाही द्यायचा यातून,” गावची दलदल वाचवायला नेमलेल्या समितीची प्रमुख फिडेल्मा हसून म्हणाली.

“वितळवा नाहीतर पुरा. घाणेरडा डबा माझ्या घरातून बाहेर पडायचा नाही.”

कारखान्यातून आम्ही चाळीस फळ्या होऊन परत आलो.

गावाच्या पाठीला मोठी दलदल आहे. तिची काळी माती कापायची, वाळवायची आणि तिच्या ढेपा थंडीभर चुलीत जाळायच्या, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. कापणं सोपं जावं म्हणून आजे-पणज्यांनी चर खणले आणि दलदल वाळत गेली. ओली असते तेव्हा ती हजारो वर्षांचा कार्बन पोटात धरून ठेवते. वाळली की तो हवेत सोडते. म्हणून चरांमध्ये आम्हांला उभं ठोकून पाणी अडवायचं ठरलं.

मला ठोकलं ते अट्रॅक्टाबाईंच्या मुलानं, जार्लथनं. जमिनीचा तो तुकडा नूनांचाच. पाणी चढलं की आपलं जळण बुडणार, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं भरल्या सभेत हात वर केला होता, कारण समितीनं शब्द दिला होता: आधी दलदलीकाठच्या अकरा घरांना उबदार भिंती आणि नव्या खिडक्या, मग बांध. पण बांधांची मंजुरी आधी आली. घरांची मागे राहिली. “येईलच ती पण,” असं म्हणून जार्लथनं हातोडा उचलला.

मी माझं काम चोख केलं. पाणी बोट-बोट चढलं. करपलेल्या जागी हिरवं-लाल शेवाळ फुगून आलं. किडे खाणारी चिमुकली झाडं आली. आणि दुसऱ्या वसंतात लांब, वाकड्या चोचीचा एक पक्षी शीळ घालत उतरला आणि चराकाठच्या ओल्या गवतात त्यानं घरटं केलं. अट्रॅक्टाबाई काठी टेकत चरापर्यंत आल्या आणि तास-दीड तास नुसत्या उभ्या राहिल्या. “तीस वर्षांनी ऐकतेय रे,” त्या मुलाला म्हणाल्या. त्या दिवशी मला वाटलं, कचऱ्याचा जन्मही सार्थकी लागतो.

मग माणसं आली. नवेकोरे गमबूट घालून लांबलांबची मंडळी यायची, माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढायची. नूनांचं घर इथून दिसतं. तिकडे कुणी तोंड वळवलं नाही.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये जार्लथनं फिडेल्माला माझ्यापाशीच गाठलं. दोघं एका वर्गात शिकलेली.

“तुझी माणसं आईच्या घराला कधी येणार?”

“यादीत नाव आहे रे.”

“यादीवर पाय शेकता येत नाहीत, फिडेल्मा.”

“तपासणीवाला म्हणतो, भिंतींना ओल आहे. भिंती आधी कोरड्या करून घ्या, मग अर्ज करा.”

“भिंती कोरड्या असत्या तर अर्ज कशाला केला असता आम्ही?”

फिडेल्मा वाईट नव्हती. पण “मी बोलते वरती” याच्या पलीकडे तिच्याकडे काही नव्हतं. जार्लथ म्हणाला, “जानेवारीत तीन आठवडे इस्पितळात होती आई. स्वयंपाकघरात कोट घालून बसते. आणखी एक असा हिवाळा ती काढणार नाही.”

मे महिन्यात, मुलांच्या पहिल्या प्रसादविधीच्या शनिवारी, अख्खं गाव चर्चमध्ये असताना जार्लथ ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आला. बराच वेळ हात खिशात घालून उभा राहिला. मग साखळी माझ्याभोवती आवळली. मला ओढून काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. तीन वर्षांचं पाणी संध्याकाळपर्यंत वाहतच राहिलं.

जूनमध्ये कापलेल्या ढेपा वाळत घालायला मायलेक आले. बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मला काठावर पडलेली पाहिलं.

“हे तू केलंस?”

त्यानं पुढची ढेप उचलली.

“त्या पाखराचं घरटं कुठे होतं, माहीत होतं ना तुला?”

“माहीत होतं.”

“आणि तरी?”

“आई, तू रात्रंदिवस खोकत होतीस.”

बाईंनी मान कोरड्या चराकडे फिरवली. मग वाकल्या आणि एकेक ढेप उचलून दुसरीला टेकवून उभी करू लागल्या. थंडी येणारच होती.

आता मी चरावर आडवी आहे. जळणाची ढकलगाडी माझ्यावरून पलीकडे जाते. समितीची माणसं परवा आली होती. त्यांनी उरलेल्या एकोणचाळीस फळ्यांचे फोटो काढले आणि मला चौकटीबाहेर ठेवलं. जार्लथला चार शिव्याही दिल्या, हळू आवाजात.

त्या शिव्या त्याच्या एकट्याच्या नव्हेत. पृथ्वी वाचवायला निघालेल्या लोकांनो, मी तुमच्याच बाजूची आहे. मला पुन्हा त्या पाण्यात उभं राहायचंय. पण हातोडा घेऊन याल तेव्हा वाटेत नूनांच्या घरी थांबा. दार वाजवा, आत बसा, अंगातला कोट काढून ठेवा. तुम्हांला तो तासभर पुन्हा घालावासा वाटला नाही, तरच माझ्याकडे या.