पगारी माणूस

म्हाताऱ्याने तांब्या माझ्या कपाळावर हाणला आणि दुसऱ्याच क्षणी माझा हात त्याच्या थोबाडावर पडला. चुकून नाही, धक्का लागून नाही. मारला. काडकन. माझ्या बोटातल्या अंगठीने त्याच्या डोळ्याखाली चीर पाडली आणि रक्त दाढीच्या खुंटांत उतरलं. माझ्या कपाळातलं रक्त डोळ्यात गेलं होतं, त्यामुळे त्याचं तोंड मला अर्धंच दिसत होतं.

मी साळूबाई, भोरजवळच्या उत्रोलीची. बावीस वर्षं पेशंट सांभाळते. आधी दवाखान्यात आया होते, आता पेशंटसाठी बायका पुरवणारे ब्युरोवाले पाठवतात त्या घरी जाते. दिवसाचे नऊशे, जेवणखाण त्यांचं. लोकांचं थुंकलेलं पुसलंय, आईबहिणीवरून शिव्या खाल्ल्यात, एका रिटायर साहेबाने तर माझ्या दंडाचा लचका तोडला होता. पण पेशंटवर हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. खोटं कशाला सांगू? सांगून आता कुणाचं भलं होणार आहे?

घर पासलीतलं. वेल्ह्याच्या पुढे, डोंगराच्या पोटात. म्हातारा गेनबा, त्याला सगळे आबा म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवं अंग लुळं पडलं, आणि चार वर्षांपासून डोकंही जाग्यावर नाही. डाव्या हातात मात्र अजून नांगर धरायची ताकद. धाकटा मुलगा धनाजी टेम्पो चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. थोरला माऊली पुण्यात कंपनीत. म्हाताऱ्याचं सगळं करायची ती धनाजीची बायको, सोनिया. चौतीस-पस्तिशीची, काटकुळी, बोलायला कमी. तीन आठवड्यांपूर्वी आबांनी काठीच्या एका तडाख्यात तिचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवड्यांचं. मग भावाभावांची फोनवर बाचाबाची झाली आणि सहा आठवड्यांसाठी मला आणलं.

पहिल्या दिवशी मी आबांची पाठ उघडी करून पाहिली आणि बघतच राहिले. अकरा वर्षं खाटेवर पडलेला माणूस, आणि पाठीला एक जखम नाही. दवाखान्यात, नर्सा असून, महिन्याभरात पाठी सडलेल्या मी पाहिल्यात.

"कुणी शिकवलं गं तुला?" मी विचारलं.

"कोन शिकवनार? दर दोन तासानं कूस बदलायची. भाकर तव्यावर आसली तरी उटायचं. यवडंच."

यवडंच म्हणे!

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. "मावशी, आबांची चादर नुसती वढू नका. त्यास्नी वाटतं, कुनी बांध कोरतंय. आदी म्हनायचं, आबा, बांध घालाया आलेय, जरा सरका. मग गुमान सरकत्यात."

आमच्या भागात भाताच्या दोन खाचरांमधला बांध म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. शेजारचा दरसाल फावड्याने वीतभर कोरतो आणि वीतभर आपल्यात घेतो. आबांनी जन्मभर भावकीशी हेच भांडण केलं, एकाचं डोकं फोडलं, पोलिसांच्या कोठडीत दोन दिवस बसून आले. आता त्यांना जमीन आठवत नाही, सून ओळखू येत नाही, पण बांध आठवतो. गादीची कड म्हणजे त्यांचा बांध.

मी हसले. "बाय, बावीस वर्सं पेशंट हाताळतेय म्या. मला नगं शिकवू."

तरी रोज चादर बदलताना ती उशाशी उभी राहायची आणि तिचे ते शब्द बोलायची, म्हणून निभावलं. त्या सकाळी ती गोठ्यात होती. मला घाई होती, आणि खरं सांगायचं तर त्या खुळ्यासारख्या बोलण्याची मला लाज वाटायची. मी चादरीचं टोक धरलं आणि खसकन ओढलं.

"बांध कोरतीस व्हय गं सटवे!"

पुढचं सांगितलंच.

सोनिया धावत आली. आधी तिने आबांच्या चिरीवर हळद दाबली, मग माझ्या कपाळावर. एकाच हाताने. मला वाटलं आता ही शिव्या घालणार. ती खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "उद्या भावजी येनार हायेत, मावशी. वाटनीला. आजच व्हायचं व्हतं व्हय हे?"

मग तिने सगळं सांगितलं. वाटणी करताना मुलांचे वाटे पडतात आणि एक तुकडा म्हाताऱ्याच्या नावाने बाजूला ठेवतात. म्हाताऱ्याला जो शेवटपर्यंत सांभाळेल त्याचा तो तुकडा. आबांच्या वाट्याला ओढ्याकाठचं खाचर ठेवायचं ठरलं होतं, गावातलं सगळ्यात चांगलं. माऊलीला बाप पुण्याला न्यायचा नव्हता, तेव्हा तो चार माणसांत बोलून गेला होता, की सोनिया सांभाळते आहे, ते खाचर सोनियाच्या नावावर करू. धनाजीच्या नाही, तिच्या. त्याला आता सहा वर्षं झाली होती. मधल्या काळात पुण्याचे लोक फार्महाऊससाठी जमिनी बघत हिंडायला लागले आणि माऊलीचं बोलणं पातळ होत गेलं.

"माज्या नावावर काय बी न्हाई, मावशी," ती म्हणाली. "म्हायेरी नव्हतं, हितं न्हाई. त्या खाचरात म्या उबी ऱ्हाते ना, तवा वाटतं, हे यवडं तरी माजं. सा वर्सं त्याच्यावर काढली."

"मी सांगते त्यांना. मीच मारलं म्हणून."

"नगं. ब्युरोवाले तुमाला काडून टाकतील. खाटंची कड लागली म्हनू."

मी हो म्हटलं. लगेच म्हटलं. पेशंटला मारणाऱ्या बाईला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, आणि माझं पोट माझ्याच हातावर आहे. एवढा विचार करायला मला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला माऊली गाडी घेऊन आला. धनाजी पहाटेच टेम्पोवरून परतला होता. गावातले सावळारामतात्या आले. कुणाचीही वाटणी असली की कागद लिहायला तेच बसतात. पडवीत सतरंजी टाकली. सोनियाने एका हाताने चहा केला. माऊली आत बापाच्या पाया पडायला गेला आणि तिथूनच ओरडला.

"ह्ये काय हाय? आबांचं त्वांड कुनी फोडलं?"

सोनिया दाराशी आली. "खाटंची कड लागली, भावजी."

"खाटंला बोटं असत्यात व्हय? धनाजी, इकडं ये! बघ तुझ्या बायकोचं सांभाळनं!"

आबांच्या गालावर माझी चार बोटं निळी उमटली होती. आंधळ्यालाही दिसली असती.

धनाजी आत गेला, त्याने बापाचं तोंड पाहिलं आणि बाहेर आला. थोरल्या भावासमोर, तात्यांसमोर त्याची मान खाली गेली होती. असल्या वेळी पुरुषाला काय करावं कळत नाही, आणि मग जे कळतं ते तो करतो. त्याने सोनियाच्या कानाखाली वाजवली. तिच्या हातातली कपबशी फरशीवर फुटली. दुसरा ठोसा पाठीत बसला. आत आबा खाटेवर उठून बसायची धडपड करत होते आणि ओरडत होते, "हान! हान त्येला! सोडू नगंस!" तिसरी लाथ. ती आडवी झाली ती प्लास्टरच्या हातावर, आणि तेव्हा जी किंचाळली, ती किंकाळी अजून माझ्या कानातून जात नाही.

तीन. पहिल्यालाच बोलायला हवं होतं. मी दुसरा ठोसा बघितला, तिसरी लाथ बघितली. चुलीपाशी भिंतीला पाठ लावून उभी होते. माझ्या मेलीच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

"थांबा!" मी ओरडले. "तिला नका मारू! म्या मारलं आबांना. हे बघा कपाळ. त्यांनी तांब्या हानला, म्या थोबाडीत दिली. ती गोठ्यात व्हती."

धनाजीचा हात वरच राहिला. मग त्याने तो खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सोनिया फरशीवरच होती. फुटक्या कपाचा तुकडा तिच्या कोपराला लागला होता.

मला वाटलं, झालं. खरं बाहेर आलं, आता मिटलं. काय खुळी मी!

सावळारामतात्यांनी चष्मा पुसला. "मग तर इषयच मिटला," ते म्हणाले. "पगारी बाई आनली म्हंजी सांभाळनं पगारी झालं. ज्यानं सांभाळलं त्याचं खाचर, आसं ठरलं व्हतं. हितं तर पैसं देऊन सांभाळलं. त्यात सूनबाईचा हक्क कुटला?"

"आवो तात्या, मी तीन आठवड्यांची!" मी म्हटलं. "तिचा हात मोडला म्हणून मी. आधीची अकरा वर्सं कुनी काडली? माझा रोज नऊशे हाय, लावा की हिशेब अकरा वर्सांचा! आनि ऐका, मला नऊशे देऊन जे जमलं न्हाई, ते ही फुकट करत व्हती. पाठ बघा आबांची! आसली पाठ मी बावीस वर्सांत बघितली न्हाई."

माऊली हसला. खरंच हसला. "मावशी, ते घरचं काम. घरच्या कामाला कोन रोज लावतं? उद्या माझी बायको म्हनंल, भाकरीचं पैसं द्या." मग हसू आवरून म्हणाला, "आनि तुमी घरातल्या भानगडीत पडू नका. तुमी पगारी मानूस. पेशंटला मारता आनि वर तोंड करून बोलता? आत्ताच्या आत्ता निगा. झाल्या दिवसांचं देतो, फुडचं न्हाई. ब्युरोला फोन मी करतोच."

त्याने पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. मी घेतले. घेतले म्हणजे घेतले.

तात्यांनी कागद लिहिला. ओढ्याकाठचं खाचर दोघा भावांत निम्मं निम्मं. पुण्याचं गिऱ्हाईक तयारच होतं, दोन्ही निम्मे एकदमच द्यायचे असं माऊलीने तिथल्या तिथे ठरवलं आणि धनाजीने मान हलवली. बायकोला बडवताना तिच्यासमोर ताठ उभा राहिलेला माणूस, भावासमोर एक शब्द बोलला नाही.

सोनिया आता बसती झाली होती. तिने पदराने कोपर पुसलं आणि विचारलं, "आन आबा कुटं ऱ्हानार?"

"हितंच की," माऊली म्हणाला. "कुटं ऱ्हानार?"

ती उठली आणि मागच्या मोरीकडे गेली.

मी पिशवी भरली. दीडची एसटी मिळाली तर संध्याकाळपर्यंत घरी पोचले असते. निघताना तिला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, पण तसंच जाववेना. मोरीत पाहते तर ती दगडावर बसलेली, प्लास्टरवर तांब्याने पाणी ओतत होती. मऊ झालेलं प्लास्टर पायाखाली दाबलेल्या विळ्याच्या धारेवर घासत होती.

"अगं ए! डोकं फिरलं का? हाड जुळलं न्हाई अजून! वाकडं बसंल!"

"तुमी जाताय नव्हं?" ती म्हणाली. "मग दोन हात लागतील."

मी मटकन खाली बसले. म्हटलं, "मला मार, सोनिया. शिव्या दे. माझ्यामुळं झालं सगळं. मी पहिल्या फटक्यालाच बोलायला हवं होतं गं."

तिने घासणं थांबवलं नाही. "तुमी पयल्यांदा बोलला असतात तर तुमचं काम गेलं असतं, मावशी. बोलला तवा बी गेलंच. माजं कुटं जातंय? ते घ्यायला कुनी फुडं येत न्हाई." मग तिने हात माझ्याकडे केला. "हितनं जरा धरा. खाली जोर लावायचाय."

मी धरलं. बावीस वर्षं पेशंट हाताळणारी मी, तिचा मोडका हात विळ्यावर धरून बसले आणि रडले. ती नाही रडली. प्लास्टर दुभंगलं, आतून हात निघाला. पांढरा, बारीक, कातडी सोललेली, मनगटावर पडल्याची नवी सूज. तिने मूठ वळवून पाहिली. बोटं निम्मी मिटली.

पडवीत माऊली आणि तात्या पुण्याहून आणलेले पेढे खात होते. धनाजी टेम्पोपाशी उगाच टायरला लाथा घालत उभा होता.

सोनियाने घड्याळाकडे पाहिलं. आबांची कूस बदलून दोन तास उलटून गेले होते. ती आत गेली. मी दाराशी उभी राहिले. तिने दोन्ही हात आबांच्या अंगाखाली घातले, डावा चाललाच नाही, तिने तो काढून घेतला. मग एक गुडघा खाटेवर टेकवला, म्हाताऱ्याच्या पाठीखाली आपला खांदा घातला आणि हळूहळू त्याची कूस बदलली.