माळीकाकांची जाळीची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. मला घालून कोणी लग्नाला गेले नाही, की फोटो काढून घेतला नाही. माझ्या रुंद काठाला चहूबाजूंनी जाळी शिवलेली आहे आणि ती माणसाच्या खांद्यांपर्यंत खाली येते. गांधीलमाश्यांचे घर काढायला निघालेला माणूस मला डोक्यावर चढवतो. त्यामुळे मी माणसांचे चेहरे फार जवळून पाहिले आहेत. माणूस घाबरला की त्याचा श्वास कसा बदलतो, हे मला जितके ठाऊक आहे तितके आरशालाही नसेल.

माझा निम्मा जन्म बाजारातला आणि निम्मा घरातला. टोपी साध्या गवताची, उन्हाळ्यात फुटपाथवर ढिगाने विकतात तशी. जाळी एका फाटक्या मच्छरदाणीची. आम्हा दोघींना जोडले माळीकाकांच्या थोरल्या बहिणीने. माळीकाका सार्वजनिक बागेत कामाला होते. एकदा कुंपण छाटताना त्यांच्या पापणीवर गांधीलमाशी चावली आणि डोळा पार मिटून गेला. ताईने त्याच आठवड्यात मला शिवले आणि भावाच्या डोक्यावर दाबून बसवले.

"बुजगावणं दिसतोय मी," काका म्हणाले.

"दिस की! डोळे शाबूत राहिले म्हणजे झालं," ताई म्हणाली.

मग बागेतल्या कामाबरोबर शेजारपाजारची बोलावणीही येऊ लागली. कोणाच्या दुकानाच्या शटरवर, कोणाच्या पत्रपेटीत, तर कोणाच्या कपडे वाळत घालायच्या दोरीखाली जमिनीत, अशा भलभलत्या जागी त्या पिवळ्या-काळ्या माश्यांनी घरे केलेली असत. काका उजाडता उजाडता जात. गार हवेत माश्या सुस्त असतात. भोकात पिचकारीने कीटकनाशक पावडर मारायची, आवाज न करता मागे सरायचे आणि भोक उघडेच ठेवायचे. आत-बाहेर करणाऱ्या माश्याच ती पावडर आपल्या अंगावरून आतपर्यंत नेतात.

"आधी बुजवलं तर?" कोणीतरी हमखास विचारायचे.

"कोंडलेला जीव दुसरी वाट शोधतोच," काका म्हणायचे.

पोळे उंच झाडावर, कोणाच्या वाटेत नसेल, तर ते काढायला काका साफ नकार देत. "राहू दे. तुमच्या झाडांवरच्या अळ्या त्याच खातात. थंडी पडली की घर आपोआप रिकामं होईल," असे सांगून ते चालू लागत. काम झाले की लोक त्यांना दुवा देत. घरी आल्यावर काका माझी जाळी साबणाच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवत. ती माझी सुखाची वर्षे होती, मित्रांनो.

काकांच्या शेजारी एक निवृत्त बसचालक राहत. त्यांचा आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा, म्हणून मुले त्यांना पाठीमागे भोंगाअण्णा म्हणत. पण घरात शिरताना हेच अण्णा चपला हातात घेत. त्यांच्या बायकोला अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती, हातपाय हलत नव्हते. पलंगावर पडल्या पडल्या ती डोळ्यांनी बोलायची आणि अण्णांना ते सगळे कळायचे.

एका पावसाळ्यानंतर अण्णांच्या मागच्या भिंतीत गांधीलमाश्या शिरल्या. विटांमधल्या एका फटीतून त्यांची ये-जा सुरू झाली आणि आतल्या खोलीत, पलंगाच्या उशाशी, भिंत गुणगुणू लागली. अण्णा काकांकडे आले.

"तिला सोसवत नाही रे. सारखी भिंतीकडे बघते."

"बहिणीला बरं नाही, तिच्याकडे निघालोय. परवा सकाळी पहिलं काम तुझं," काका म्हणाले. "तोवर वहिनीला पुढच्या खोलीत झोपव. आणि फटीला हात लावू नकोस."

अण्णांनी मान हलवली. पण पुढच्या खोलीत रस्त्याचा गोंगाट होता, आणि पलंग हलवला की तिला दुखायचे. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे पाहून रडली. अण्णांच्या काळजाचे पाणी झाले. त्यांनी सिमेंट कालवले आणि बाहेरून ती फट लिंपून टाकली. हे त्यांनी आडमुठेपणाने केले नाही, मायेपोटी केले. पण माश्यांना त्याचे काय?

काका ठरल्यापेक्षा आधीच परतले. ते पिशवी खाली ठेवत होते, तेवढ्यात शेजारून अण्णांची हाक आली. त्या आवाजाने मी खुंटीवर थरथरले. काकांनी मला ओढून डोक्यावर घातले आणि धावत सुटले.

अण्णा दारात होते, चेहरा सुजलेला. "भिंतीतून आत आल्या! विजेच्या बटणांच्या पेटीमागून! दोनदा आत गेलो, दिसेना काही..."

काका खोलीत शिरले. खिडकीच्या काचेवर माश्यांचा थर हलत होता आणि उरलेल्या हवेत घोंघावत होत्या. पलंगावर वहिनी निश्चल पडली होती. एक माशी तिच्या गालावर चालत होती. ती हाकलायला तिला स्वतःचा हात उचलता येत नव्हता. फक्त डोळे फिरत होते. मी पुष्कळ घाबरलेली माणसे पाहिली, पण तसे डोळे पुन्हा पाहिले नाहीत.

काकांनी चादर तिच्या अंगाभोवती गुंडाळली. तोंडावरही ओढणार, तेवढ्यात थांबले. तिला आधीच श्वास पुरत नव्हता. चादरीत ती गुदमरली असती. मग त्यांनी एका झटक्यात मला आपल्या डोक्यावरून काढले आणि तिच्या चेहऱ्यावर घातले.

"वहिनी, डोळे मिटा," ते म्हणाले. तिला उचलून ते दाराकडे वळले.

जाळीच्या आत तिचा तुटक श्वास होता आणि बाहेर काकांचा उघडा चेहरा. माझ्या डोळ्यांदेखत माश्या त्यांच्या कपाळावर, मानेवर, ओठांवर बसल्या. दोन्ही हात गुंतलेले होते, त्यांना एकही झटकता आली नाही. ते धावलेही नाहीत. धावले असते तर उंबऱ्याला अडखळून दोघेही पडले असते. अंगणात तिला अण्णांच्या हवाली केले आणि मग ते गुडघ्यांवर बसले. त्यांचा गळा सुजत चालला होता. श्वासाची शिटी ऐकू येऊ लागली.

इस्पितळात वेळेवर नेले म्हणून काका वाचले. वहिनीही वाचली. पण डॉक्टरांनी बजावले, "यापुढे एक जरी चावली, तरी जीव जाऊ शकतो. हे काम आता बंद."

तेव्हापासून मी खुंटीवरच राहिले. जाळीत धूळ भरली, एका कडेला झुरळांनी कुरतडले. काका जाता-येता माझ्याकडे पाहत आणि नजर वळवत. काकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, अण्णांशी बोलणे टाकले. अण्णा रोज संध्याकाळी दाराशी येऊन काकांची चौकशी करत. काकू आतूनच भांडी आपटून उत्तर देत.

थंडीत वहिनी गेली. तिच्याच पलंगावर, झोपेत, अण्णांचा हात हातात असताना. अण्णांचा भोंगा त्यानंतर कोणी ऐकला नाही.

पुढच्या वर्षी बालवाडीच्या नळाजवळ, जमिनीत पोळे झाले. एका मुलीला पाणी पिताना माशी चावली. बाई काकांकडे आल्या, आणि सवयीने काकांचा हात माझ्याकडे गेला.

"हात लावून तर बघा त्या टोपीला!" काकू कडाडल्या.

काकांचा हात तिथेच थांबला. इतक्यात दारातून काकूंना उद्देशून अण्णांचा आवाज आला, अगदी हलका.

"वहिनी, टोपी मला द्या. मी जातो. हा लांबून सांगेल तसं करीन."

काकू पुढे आल्या. त्यांनी मला खुंटीवरून काढले, उजेडात धरले, कुरतडलेल्या जागी बोट घातले. ते आरपार गेले.

"बसा," त्या अण्णांना म्हणाल्या. "असली फाटकी घालून जाणार होता? एकाला दवाखान्यात नेलं ते पुरे झालं."

सुई-दोरा घेऊन त्या बसल्या. अण्णा समोर मान खाली घालून बसून राहिले. टाका घालता घालता काकूंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदराने पुसले नाहीत, शिवतच राहिल्या. शेवटची गाठ मारून, दोरा दातांनी तोडून त्यांनी मला अण्णांच्या डोक्यावर ठेवले आणि जाळी सदऱ्याच्या कॉलरमध्ये नीट खोचून दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी ते काम केले. त्यांच्या श्वासाने जाळी ओली झाली होती. काका पार रस्त्यापलीकडे उभे होते. काम संपल्यावर अण्णा तिथेच रेंगाळले. बालवाडीच्या भिंतीला ते हळूच कान लावून उभे राहिले.

"काय ऐकतोयस?" काकांनी लांबून विचारले.

"पलीकडे कोण झोपतं का, ते बघतो," अण्णा म्हणाले.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. माझे गवत सुटू लागले आहे. माझे एवढेच मागणे आहे. घरात गांधीलमाश्या दिसल्या तर घाईने दगड मारू नका, आग लावू नका, भोक लिंपू नका. जाणत्या माणसाला बोलवा आणि तो येईपर्यंत दूर राहा. आणि वाट कोणतीही बंद करण्याआधी एकदा भिंतीच्या त्या बाजूला जाऊन या. तिथे कदाचित असे कोणी असेल, ज्याला स्वतःच्या गालावरची माशीसुद्धा हाकलता येत नाही.