डाव्या तळहातावरची पूजा

माझ्या सासूबाई चंद्रव्वा, घरात सगळ्यांच्या अव्वा, माझं नाव विसरल्या त्याचं मला फारसं वाईट वाटलं नव्हतं. तीस वर्षं ‘महेश्वरी’ हे नाव त्यांनी ओरडायलाच वापरलं होतं. पण सकाळची पूजा विसरल्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

स्मृतिभ्रंशाला चार वर्षं झाली होती. जेवलेलं आठवत नसे, पोटचा मुलगा ओळखू येत नसे. पण अंघोळ झाली की आम्हा लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची आणि एकटक बघत बसायचं, हे कधी चुकलं नव्हतं. मार्चमध्ये एका सकाळी त्यांनी डावी मूठ उघडलीच नाही. हात पोटाशी धरून बसून राहिल्या.

“आजार पुढं सरकला,” माझे यजमान गुरुलिंग म्हणाले. डॉक्टरांनीही फाइल चाळून तेच सांगितलं आणि चिडचिड वाढली म्हणून झोपेची गोळी अर्धीची एक केली. हात काही त्यांनी बघितला नाही. पण त्यांना काय नावं ठेवू? मी तर तो हात रोज धरत होते.

कारण पूजा सुटू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. रोज समोर बसायची, एकेक बोट सोडवून मूठ उघडायची, लिंग ठेवायची आणि खालून मनगट घट्ट धरायची. अव्वांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या.

“बघा की,” मी यजमानांना हाक मारायची, “आत अजून सगळं हाय.” ते दारात हात जोडून उभे राहायचे. शेजारणींनाही मी हे सांगितलं होतं, जरा तोऱ्यातच.

असे सतरा दिवस.

अठराव्या दिवशी श्रीदेवी सिस्टर बीपी बघायला घरी आल्या. पट्टा बांधायला त्यांनी डावा हात सरळ केला, तर अव्वा त्यांना चावल्या.

“डोक्याचं असं हाय ना सिस्टर, त्यामुळं...” मी माफी मागू लागले.

“थांबा जरा.” त्यांनी आधी उजवा हात हलवून बघितला. मग डावं मनगट दोन बोटांनी हलकेच दाबलं, पण नजर अव्वांच्या तोंडावर. अव्वांच्या भुवया आवळल्या, ओठ आत गेले.

“पडल्या होत्या का कुटं?”

“न्हाय,” मी म्हटलं, आणि मग आठवलं. मोरीपाशी एकदा खाली बसलेल्या दिसल्या होत्या. ‘हितं का बसलात, राणीसरकार?’ म्हणून मी हसले होते. त्यानंतर त्या भुईमुगाच्या शेंगा एका हातानं धरून दातांनी फोडायच्या. त्याचीही आम्हाला गंमत वाटली होती. सूजही मला दिसली होती. म्हातारपणी यायचीच, असं म्हणून मी तेल चोळलं होतं.

“दुखतंय हे सांगायचं विसरल्या असतील त्या,” सिस्टर पट्टा गुंडाळत म्हणाल्या. “दुखायचं कसं विसरतील, ताई?”

एक्स-रेत मनगटाचं हाड मोडलेलं निघालं, वाकडं जुळत आलेलं. प्लास्टर बसलं, निघालं. तळहात आता पुरता वर वळत नाही. लिंग गळ्यातच असतं.

माझं नाव अव्वांना अजून आठवत नाही. पण अंघोळीनंतर मी समोर बसले की त्यांचा डावा हात पदराखाली जातो. मग मी विभूतीची वाटी बाजूला सारते आणि माझे दोन्ही हात त्यांना दिसतील असे मांडीवर ठेवून बसते.