तीस हजार एकतीस

शनिवार उजाडला की आमचे हे, म्हणजे चंपतराव, गणितज्ञ होतात. आठवडाभर मिहानातल्या एका गोदामात मालाची खोकी लावून घेतात आणि दोन दिवस सुट्टी मिळाली की मोबाइल डब्याला टेकवून गणिताचे व्हिडिओ बघतात. पडद्यावर कोणी दाढीवाला हातवारे करतो, रंगीत गोळे नाचतात, मागे संगीत वाजतं. गणिताला संगीत! आणि हे गाण्याच्या बैठकीला बसल्यासारखे "वा!" म्हणतात.

मी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या तासाला कोणी "वा" म्हटलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

आमच्या मुलीनं, हिमानीनं, यांना एक पुस्तकही पाठवलंय. चाळून पाहिलं. पानोपानी व्यंगचित्रं, उदाहरणसंग्रह एकही नाही. "हे गणित नाही, चिवडा आहे. खा अन् हात पुसा," मी म्हटलं. शनिवारी दिवसभर मी यांची अशीच हजेरी घेतली. दहावीला गणितात छत्तीस मिळवलेल्या माणसाला मूळ संख्या हव्यात कशाला? रागाच्या भरात मी यांना अडाणीसुद्धा म्हटलं. हे हसले आणि पुढचा व्हिडिओ लावला.

रविवारी चहा पिताना यांना पुन्हा राहवेना. "कौशल्या, मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे किती सोप्पं आहे वं! कालपासून तेच घोळून राहिलं डोक्यात."

"मले शिकवून राहिले तुम्ही? दहावीच्या हुशार पोरायले मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवत होती. दोन, तीन, पाच अशा ओळीनं मूळ संख्या घ्या. सगळ्यांचा गुणाकार करा, एक मिळवा. त्यातल्या कशानंच भाग जात नाही. म्हणजे नवी संख्या मूळच. झालं!"

"मूळच असते असं नाही न पण," हे हळूच म्हणाले.

मी कप आपटला. "काहून? त्या दाढीवाल्यानं सांगितलं?"

"नाही. तो फक्त म्हणे, करून पाहा. मी तेरापर्यंत करून पाहिलं."

खिशातून एक घडी केलेला कागद निघाला. गोदामातल्या पावतीची मागची कोरी बाजू. दोनपासून तेरापर्यंतच्या मूळ संख्यांचा गुणाकार, अधिक एक : तीस हजार एकतीस. खाली भागाकारच भागाकार. सतरानं, एकोणीसनं, तेवीसनं. खोडलेले, पुन्हा केलेले. शेवटी एकोणसाठनं. बाकी शून्य.

मी पेन घेतलं. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. दोनदा केलं. तीस हजार एकतीसच आलं.

मी नेहमी अकरापर्यंत जायचे, उत्तर मूळ यायचं, फळा पुसायचे. एकतीस वर्षं, सगळ्यात हुशार पोरं निवडून निवडून, मी चूक शिकवली होती.

"संपत नाहीत हे तर बरोबरच आहे न तुझं," हे समजूत काढत म्हणाले. "एकोणसाठ नवीनच निघाला पाहा."

"कधी केलं हे?"

"काल सकाळी. तू आंघोळीले गेली होती तेव्हा."

"मग दिवसभर सांगितलं काहून नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं. आज निघून गेलं तोंडातून."

म्हणजे काल मी अडाणी म्हटलं, तेव्हा हा कागद यांच्या खिशातच होता. मला यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.